पृथ्वीचे वय शोधताना सापडलेले विष

#थ्रेड

१/
मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने लहानपणी शिसपेन्सिल हाती धरलेली असते. त्या पेन्सिलीत शिसे नसते. असते ते ग्राफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप. विसाव्या शतकात नेमका याच्या उलट प्रकार घडला. एका वस्तूत शिसे होते, पण तिच्या नावातून ते जाणीवपूर्वक वगळले गेले. ती वस्तू जगभरच्या मोटारींच्या टाकीत पाऊण शतकाहून अधिक काळ ओतली जात राहिली.

२/
ही कथा त्या वस्तूची आणि तिचा माग काढणाऱ्या संशोधकांची आहे. एका भूरसायनशास्त्रज्ञाला केवळ पृथ्वीचे वय हवे होते. एका बालरोगतज्ज्ञाने शाळकरी मुलांचे दुधाचे दात गोळा केले. आणि एक वैद्यकीय संशोधक असा होता, की शिशाच्या विषयात जवळजवळ चार दशके त्याचाच शब्द अखेरचा मानला गेला. या तिघांमधील वाद एका साध्या प्रश्नाभोवती फिरत होता : जे सर्वत्र आढळते, ते नैसर्गिक असते का?

३/
शिसे विषारी आहे, हे ज्ञान प्राचीन आहे. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हिअस याने इ. स. पू. पहिल्या शतकातच लिहून ठेवले, की शिशाच्या नळापेक्षा मातीच्या नळातून आलेले पाणी आरोग्याला हितकर. शिसे ओतणाऱ्या कारागिरांचा फिकटलेला वर्ण त्याने पुरावा म्हणून दिला. भारतीय रसशास्त्रात शिशाला ‘नाग’ म्हणतात आणि शोधनाचे संस्कार केल्यावाचून ते औषधात वापरू नये, असा दंडक आहे. देवाला फासला जाणारा पारंपरिक शेंदूर हेही शिशाचेच ऑक्साइड.

४/
आधुनिक जगालाही याची जाणीव होती. घराच्या रंगातील शिशामुळे लहान मुलांना विषबाधा होते, हे ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी १९०४ च्या सुमारास दाखवून दिले होते. नोव्हेंबर १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जिनिव्हा येथे रंगकामातील शिशाच्या सफेद्यावर मर्यादा घालणारा करार संमत केला. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, अमेरिकेतील ओहायो राज्यात, शिशाला एक नवे आणि अफाट मोठे दार उघडले.

५/
९ डिसेंबर १९२१. डेटन शहरातील जनरल मोटर्सची संशोधन प्रयोगशाळा. अभियंता थॉमस मिजली एका जुन्या दुखण्यावर उपाय शोधत होता. इंजिनात पेट्रोलची वाफ वेळेआधीच भडकली की ‘ठक् ठक्’ असा आवाज येई, शक्ती वाया जाई आणि यंत्राची झीज होई. या ‘नॉकिंग’वर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असंख्य रसायने तपासली होती. त्या दिवशी टेट्राइथिल लेड नावाचे शिशाचे संयुग अगदी अल्प प्रमाणात मिसळताच ठोका थांबला.

६/
उपाय दुसराही होता. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळले तरी ठोका कमी होतो, हे मिजलीला ठाऊक होते. त्यावर त्याने स्वतः काम केले होते. पण अल्कोहोल बरेच मिसळावे लागे आणि ते कोणालाही गाळता येई. टेट्राइथिल लेड मात्र थेंबभर पुरे आणि त्याचे पेटंट एकाच मालकाकडे राहू शकत होते. १ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनच्याच एका पंपावर त्याची पहिली विक्री झाली. नाव ठेवले गेले ‘इथिल’. शिसे हा शब्द त्यात कोठेही नव्हता.

७/
१९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून इथिल कंपनी स्थापन केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात हे रसायन हाताळणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. नसलेल्या गोष्टी त्यांना दिसू लागल्या, झटके येऊ लागले; काहींना बांधून ठेवावे लागले. काही दिवसांतच ५ जण दगावले आणि तीसहून अधिक जण रुग्णालयात दाखल झाले. वृत्तपत्रांनी या वायूला ‘वेडा वायू’ असे नाव दिले.

८/
लोकांची भीती घालवण्यासाठी ३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजलीने पत्रकारांना बोलावले. त्यांच्यासमोर त्याने ते द्रव स्वतःच्या हातांवर ओतून घेतले आणि बाटली नाकाशी धरून सुमारे मिनिटभर हुंगली. रोज असे केले तरी अपाय होणार नाही, असा त्याचा दावा होता. पत्रकारांना जे सांगितले गेले नाही ते असे : १९२३ च्या आरंभी मिजलीला स्वतःलाच शिशाची बाधा झाली होती आणि बरे होण्यासाठी त्याला फ्लोरिडात जाऊन विश्रांती घ्यावी लागली होती.

९/
२० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने परिषद भरवली. औद्योगिक विषबाधेच्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन यांनी बजावले, की कारखान्यातील अपघात हा प्रश्नाचा लहान भाग आहे. खरा धोका रस्त्यारस्त्यांवर धुराबरोबर हळूहळू साचत जाणाऱ्या शिशाचा आहे. इथिल कंपनीच्या प्रतिनिधीने मात्र या शोधाला ईश्वरी देणगीची उपमा दिली. देशाची प्रगती इंधनावर अवलंबून आहे, हा त्याचा युक्तिवाद होता.

१०/
परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिला मिळाले जेमतेम सात महिने आणि तपासायला २५२ माणसे. जानेवारी १९२६ मध्ये समितीने कळवले, की बंदी घालण्याजोगे कारण आढळत नाही. मात्र दीर्घकालीन परिणाम कळण्यास वेळ लागेल, म्हणून सरकारने सार्वजनिक निधीतून अभ्यास पुढे चालू ठेवावा. शिफारशीचा पहिला भाग तत्काळ अमलात आला आणि विक्री पुन्हा सुरू झाली. दुसरा भाग कागदावरच राहिला. सरकारने हात आखडला आणि ती मोकळी जागा उद्योगाने भरून काढली.

११/
ती जागा भरणाऱ्या माणसाचे नाव डॉ. रॉबर्ट किहो. सिनसिनाटी विद्यापीठात १९३० मध्ये उभी राहिलेली केटरिंग प्रयोगशाळा त्याच्या हाती होती आणि तिचा खर्च इथिल, जनरल मोटर्स व ड्यूपाँ या कंपन्या उचलत होत्या. किहो हा इथिल कंपनीचा वैद्यकीय सल्लागारही होता. त्याच्या शिस्तीमुळे कारखान्यांतील मृत्यू खरोखरच घटले, हे मान्य केले पाहिजे. पण कारखान्याबाहेरच्या सामान्य माणसाविषयीचे त्याचे निष्कर्षही अंतिम मानले जाऊ लागले. येथेच मेख होती.

१२/
किहोची मांडणी चार पायऱ्यांची होती. माणसाच्या शरीरात शिसे असणे नैसर्गिक आहे. शरीर ते बाहेर टाकू शकते. रक्तात एका ठरावीक पातळीच्या खाली ते निरुपद्रवी असते. ही पातळी त्याने एका डेसिलिटरला ८० मायक्रोग्रॅम अशी धरली. आणि सामान्य जनता त्या पातळीच्या कितीतरी खाली आहे. यापुढे ज्याला शंका असेल त्याने पुरावा आणावा. धोका सिद्ध होईपर्यंत विक्री चालू राहील, असा या भूमिकेचा व्यवहारातील अर्थ होता.

१३/
शिसे नैसर्गिक आहे, हे त्याने कसे ठरवले? तो मेक्सिकोतील एका दूरच्या खेड्यात गेला. तेथे मोटारी नव्हत्या, कारखाने नव्हते. तरीही गावकऱ्यांच्या शरीरात शिसे सापडले. तेव्हा शिसे हे निसर्गतःच माणसात असते, असा निष्कर्ष निघाला. पण ते गावकरी ज्या भांड्यांतून जेवत होते, त्या मातीच्या भांड्यांना शिशाची चकाकी दिलेली होती. तुलनेसाठी निवडलेली ‘शुद्ध’ माणसे मुळात शुद्ध नव्हतीच.

१४/
ही चूक उघड करणारा माणूस वैद्यकशास्त्रातून आला नाही. क्लेअर पॅटरसन हा आयोवा राज्यात १९२२ मध्ये जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात त्याने अणुबाँबच्या प्रकल्पात ओक रिज येथे काम केले आणि मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणूंना वजनानुसार वेगळे करणारे यंत्र, त्याच्या ओळखीचे झाले. १९४८ मध्ये शिकागो विद्यापीठात त्याचे मार्गदर्शक हॅरिसन ब्राउन यांनी त्याच्यापुढे एक काम ठेवले. खडकातील शिसे मोजायचे आणि त्यावरून पुढे पृथ्वीचे वय काढायचे.

१५/
या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. युरेनियमचे अणू ठरावीक गतीने क्षय पावतात आणि शेवटी त्यांचे शिसे होते. एका प्रकारच्या युरेनियमला निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, दुसऱ्याला सुमारे ७० कोटी. एखाद्या खनिजात किती युरेनियम उरले आणि किती शिसे साठले हे मोजले, की काळाचे घड्याळ वाचता येते. सहकारी जॉर्ज टिल्टन युरेनियम मोजत असे आणि पॅटरसन शिसे. टिल्टनचे आकडे जुळत होते. पॅटरसनचे काही केल्या जुळेनात.

१६/
ज्या खडकाचे वय आधीच ठाऊक होते, त्यातही त्याला अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक शिसे मिळत होते. मग त्याने खडक बाजूला ठेवून प्रयोगशाळाच तपासली. शिसे हवेतील धुळीत होते, नळाच्या पाण्यात होते, काचेच्या भांड्यांत होते, रसायनांत होते, माणसांच्या कपड्यांवर आणि केसांत होते. ज्या गोष्टीचे मोजमाप करायचे, ती गोष्ट मोजणाऱ्याच्या अंगावरूनच नमुन्यात गळत होती. दुसऱ्या कोणी ‘उपकरणाची त्रुटी’ म्हणून विषय सोडून दिला असता.

१७/
पॅटरसनने पुढची काही वर्षे स्वच्छतेला वाहून घेतली. १९५२ मध्ये तो कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेला आणि तेथे त्याने स्वतःच्या कल्पनेनुसार प्रयोगशाळा उभारली. आत येणारी हवा गाळलेली, भांडी आम्लात पुन्हा पुन्हा धुतलेली, फरशी सतत पुसलेली, आत काम करणाऱ्यांच्या अंगावर खास वेश. अशा प्रकारच्या अतिस्वच्छ प्रयोगशाळांच्या इतिहासात हे नाव आरंभीच्या पानांवर येते. सोवळ्याचे कडक नियमही फिके पडावेत, असा तो कारभार होता.

१८/
पृथ्वीच्या जन्मवेळचा खडक पृथ्वीवर मिळत नाही. तो वितळून, झिजून गेला आहे. म्हणून पॅटरसनने अशनीकडे मोर्चा वळवला. ॲरिझोनातील प्रचंड विवर ज्या अशनीने पाडले, त्या ‘कॅन्यन डायब्लो’चा तुकडा त्याने निवडला. त्यातील एका खनिजात युरेनियम जवळपास नव्हतेच. म्हणजे आतले शिसे सूर्यमालेच्या जन्मापासून जसेच्या तसे राहिलेले. १९५३ मध्ये शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेतील यंत्रावर मोजणी झाली. १९५६ च्या शोधनिबंधात आकडा छापून आला : ४५५ कोटी वर्षे, सुमारे ७ कोटी इकडे-तिकडे.

१९/
आज, इतक्या दशकांनंतरही, तो आकडा जवळजवळ तसाच आहे. एखाद्या शास्त्रज्ञाच्या आयुष्याला एवढे यश पुरले असते. पण पॅटरसनच्या मनात आधीचा प्रश्न रुतून बसला होता. प्रयोगशाळेत एवढे शिसे आले कोठून? त्याने समुद्राकडे पाहिले. खोल समुद्रातील पाणी फार पूर्वी पृष्ठभागापासून तुटलेले असते. वरचे पाणी ताजे असते. १९६३ मध्ये मित्सुनोबू तात्सुमोतो याच्यासह त्याने दाखवून दिले, की वरच्या पाण्यात शिसे खालच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

२०/
याचा अर्थ एकच निघत होता : हे शिसे समुद्रात अलीकडेच पडले आहे. एवढे शिसे हवेत उधळणारा नवा उगम शोधायला फार दूर जावे लागत नव्हते. तो प्रत्येक मोटारीच्या मागच्या नळीत होता. विशेष असे, की पॅटरसनच्या समुद्रावरील कामाला तोवर तेल उद्योगाच्या संघटनेकडूनच निधी मिळत होता. निबंध प्रसिद्ध झाल्यावर तो निधी आटला. सरकारच्या आरोग्य सेवेकडील कंत्राटाचेही नूतनीकरण झाले नाही. अन्य सरकारी विज्ञानसंस्थांच्या आधारावर त्याने काम चालू ठेवले.

२१/
१९६५ मध्ये त्याने पर्यावरण-आरोग्याच्या एका नियतकालिकात दीर्घ निबंध लिहिला. त्यातील दावा धक्कादायक होता : आजच्या अमेरिकी माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभर पट आहे. त्याने दोन शब्द कायमचे वेगळे केले. ‘सामान्य’ म्हणजे जे आज सर्वांमध्ये आढळते ते. ‘नैसर्गिक’ म्हणजे माणसाने शिसे खणून काढण्यापूर्वी जे होते ते. किहोने आयुष्यभर सामान्य मोजले होते आणि त्याला नैसर्गिक म्हटले होते.

२२/
छापण्यापूर्वी हा निबंध परीक्षणासाठी खुद्द किहोकडे गेला होता. तो छापावा, असे किहोने कळवले. त्याचा अभिप्राय कौतुकाचा नव्हता. खडकांचा अभ्यासक वैद्यकाच्या प्रांतात शिरला आहे, तेव्हा त्याच्या चुका एकदाच चव्हाट्यावर याव्यात, असा त्याचा हिशेब होता. हा हिशेब साफ चुकला. वैद्यकाच्या कक्षेत बसून जो प्रश्न कोणालाच पडला नाही, तो बाहेरून आलेल्या माणसालाच दिसू शकत होता.

२३/
आता हवा होता भूतकाळाचा साक्षीदार. तो बर्फात सापडला. ध्रुवीय प्रदेशात दरवर्षी बर्फाचा नवा थर साचतो आणि त्या वर्षीची हवा व धूळ आत बंद होते. जणू निसर्गाने जपलेली बखरच. १९६० च्या दशकाच्या मध्यात पॅटरसनची तुकडी ग्रीनलँडमधील अमेरिकी लष्करी तळाच्या बोगद्यांत उतरली आणि नंतर अंटार्क्टिकालाही गेली. आम्लाने धुतलेली हत्यारे, प्लास्टिकचे वेश, पाळीपाळीने कापलेले बर्फाचे ठोकळे. एका बोटाच्या स्पर्शाने नमुना वाया गेला असता.

२४/
१९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ग्रीनलँडच्या बर्फातील शिसे इ. स. पू. ८०० च्या तुलनेत १९६५ पर्यंत सुमारे २०० पटींनी वाढले होते. औद्योगिक क्रांतीबरोबर रेषा वर सरकू लागलेली दिसते आणि १९४० नंतर ती अचानक उभी चढते. ज्या बर्फावर मोटार कधी धावली नाही, तेथेही मोटारीची खूण उमटली होती. शिसे हवेत सदैव असेच होते, या म्हणण्याला त्यानंतर आधार उरला नाही.

२५/
तत्पूर्वी, जून १९६६ मध्ये, सिनेटर एडमंड मस्की यांच्या उपसमितीपुढे काही दिवसांच्या अंतराने किहो आणि पॅटरसन या दोघांच्याही साक्षी झाल्या. किहोने आपल्या दीर्घ अनुभवाचा हवाला दिला. पॅटरसनने समितीला सांगितले, की ज्यांना शिसे विकायचे आहे त्यांच्याच आकड्यांवर सार्वजनिक आरोग्याची धोरणे बेतणे चूक आहे. १९७१ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने हवेतील शिशावर तज्ज्ञगट नेमला, तेव्हा त्यात उद्योगाशी संबंधित तज्ज्ञ होते. पॅटरसनला मात्र जागा नव्हती.

२६/
यानंतर कथेला अनपेक्षित वळण लागते. शिशाला पहिला मोठा धक्का दिला तो प्लॅटिनमने. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे मोटारींचा धूर कमी करणे भाग पडले. त्यासाठी सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९७५ च्या मोटारींपासून बसू लागले. धुरातील शिसे त्या थरावर बसले की उत्प्रेरक निकामी होई. म्हणून या मोटारींना शिसेविरहित पेट्रोल द्यावे लागले. मुलांच्या मेंदूआधी यंत्राचा सुटा भाग वाचवला गेला.

२७/
मुलांच्या मेंदूचा पुरावा गोळा करत होते डॉ. हर्बर्ट नीडलमन. रक्तातील शिसे केवळ अलीकडचा संपर्क दाखवते. पण शिसे कॅल्शियमची नक्कल करून हाडांत आणि दातांत जाऊन बसते. तेव्हा पूर्वायुष्याची नोंद वाचायची तर दात वाचावेत, अशी त्यांची कल्पना. बोस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल येथील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात शिक्षकांच्या मदतीने जमा झाले. दोन हजारांहून अधिक मुलांनी आपले दात दिले.

२८/
१९७९ मध्ये निकाल हाती आला. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी सुमारे ४ गुणांनी कमी होता. दातांत शिसे किती आहे हे ठाऊक नसलेल्या शिक्षकांनी या मुलांविषयी भरलेल्या प्रश्नावल्यांतही तीच चढती ओळ दिसली : लक्ष विचलित होणे, सूचना न पाळता येणे, काम अर्धवट सोडणे. यांपैकी एकही मूल रूढ अर्थाने आजारी नव्हते. वर्गात ज्याला ‘ढ’ म्हटले जाई, त्याच्या दातात कारण दडलेले असू शकत होते.

२९/
चार गुण ऐकायला थोडे वाटतात. पण संपूर्ण पिढीची सरासरी चार गुणांनी खाली सरकली, तर अत्यंत मंद मुलांची संख्या फुगते आणि अतिहुशार मुलांची रोडावते. १९९० मध्ये नीडलमन यांनी त्याच मुलांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा अधिक शिसे असलेल्यांमध्ये शाळा अर्धवट सोडण्याचे प्रमाण कित्येक पट आढळले. पुढे त्यांच्यावर संशोधनात लबाडी केल्याचा आरोप झाला. त्यांनी सुनावणी जाहीरपणे घ्यावी असा आग्रह धरला. १९९२ मधील त्या सुनावणीअंती ते निर्दोष ठरले.

३०/
तोवर आणखी एक निर्णायक पुरावा हाती आला होता. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेत सर्व थरांतील लोकांचे रक्त तपासणारी राष्ट्रीय पाहणी झाली. त्याच वर्षांत नव्या मोटारींमुळे शिसेयुक्त पेट्रोलचा खप घसरत होता. लोकांच्या रक्तातील शिसे या काळात सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले आणि ही उतरण पेट्रोलमधील शिशाच्या उतरणीशी जुळत होती. हा आलेख पाहिल्यावर सवलत देऊ पाहणारे सरकारही मागे फिरले आणि १९८५ मध्ये नियम आणखी कडक झाले.

३१/
सुरक्षित पातळीचा इतिहासच बोलका आहे. किहोची मर्यादा ८०. अमेरिकी आरोग्य यंत्रणेने मुलांसाठी ती १९६० च्या दशकातील ६० वरून ४०, ३०, २५ अशी उतरवत १९९१ मध्ये १० वर आणली. २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. आज जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही. शिसे तेच होते, मुलेही तशीच होती. पाहणाऱ्याची नजर तेवढी सूक्ष्म होत गेली.

३२/
पॅटरसन अखेरपर्यंत मोजत राहिला. १९७९ मध्ये सहकाऱ्यांसह त्याने पेरूमधील सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत आजच्या हाडांच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी शिसे असल्याचे दाखवले. १९८० मध्ये शिशाच्या डाकाने बंद केलेल्या डब्यातील माशांत ताज्या माशांच्या हजारो पट शिसे असल्याचे सिद्ध केले. प्रतिष्ठित प्रयोगशाळांना हा फरक दिसत नव्हता, कारण त्यांचे ‘ताजे’ नमुने त्यांच्याच हातून दूषित होत होते. राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्याला मिळाले ते १९८७ मध्ये, वयाच्या पासष्टीस.

३३/
५ डिसेंबर १९९५ रोजी पॅटरसन निवर्तला. बरोबर सत्तावीस दिवसांनी, १ जानेवारी १९९६ रोजी, अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणे बेकायदा झाले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत कन्व्हर्टर असलेल्या नव्या मोटारींसाठी ‘अनलेडेड’ पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. अखेरचा देश अल्जिरिया. तेथे जुलै २०२१ मध्ये साठा संपला. डिसेंबर १९२१ ते जुलै २०२१. शंभर वर्षांना पाच महिने कमी.

३४/
शिसे क्षय पावत नाही. ते फक्त जागा बदलते. जुन्या रस्त्यांकडेच्या मातीत ते आजही आहे. भारताने २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले. पण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या उघड्या भट्ट्यांभोवती मुले आजही खेळतात. २०२० च्या युनिसेफच्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे होते.

३५/
या शतकाच्या हिशेबात खलनायक शोधणे सोपे आहे. त्याहून अवघड आहे ते १९२६ मधील ती समिती आठवणे, जिने योग्य प्रश्न लिहून ठेवला, पण त्याचे उत्तर शोधण्याचा खर्च कोणी करायचा हे ठरवले नाही. तो खर्च ज्यांनी केला, उत्तरही चाळीस वर्षे त्यांचेच चालले. अखेर ते खोडून निघाले एका अशा माणसाच्या हातून, ज्याला अशनीचा एक तुकडा स्वच्छ ठेवायचा होता आणि जो तो स्वच्छ का राहत नाही, हे विचारायचे थांबला नाही.

(समाप्त)